दुसऱ्या फेरीतली नऊ कुत्री

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि मी खोटं दाखवत नाही. हे आधीच ठणकावून सांगतो, कारण माझ्यावर तसा आळ आला होता. मित्रांनो, माझा काळा रंग उडालाय, एक चाक फिरवताना कुरकुरतं. पण म्हातारा झालो म्हणजे लबाड झालो, हे कुणी ठरवलं?

माझा जन्म लेनिनग्रादच्या एका कारखान्यात झाला. लाकडी पेटीत बसून, आगगाडीनं मी इथं ओश शहरात, वैद्यकीय महाविद्यालयात आलो. किती वर्षं मुलांनी माझ्या डोळ्याला डोळा लावला! रक्ताचा थेंब पहिल्यांदा बघताना पोरं "अगं आई!" म्हणून ओरडायची, तीच माझी शाबासकी. मग पडद्यांची नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. कुणीतरी माझ्या डोक्यावर चहाची किटली ठेवली. मला राग आला होता. अजूनही येतो.

मला खाली उतरवलं कालिपा एजेंनी. एजे म्हणजे थोरली बहीण; आमच्याकडे शिक्षिकेलाही तसंच म्हणतात. त्यांची विद्यार्थिनी बुरुलचा ही अलाय डोंगरातल्या सारीबेल गावची. नऊ वर्षांची असताना तिच्या यकृतातून खरबुजाएवढी पाण्याची गाठ कापून काढली होती. तो व्रण अजून तिच्या पोटावर आहे. हा रोग कुत्र्याच्या आतड्यातल्या बारीक जंतापासून होतो. जंताची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना लागतात, तिथून हाताला आणि तोंडात. माणसात आणि मेंढीत त्यांच्या गाठी होतात. अशा मेंढीचं कच्चं यकृत कुत्र्यानं खाल्लं की पुन्हा जंत.

बुरुलचाला एवढंच हवं होतं, की सारीबेलमधल्या दुसऱ्या कुठल्या पोरीचं पोट कापावं लागू नये. गावातल्या चाळीस घरांची चाळीस कुत्री तिनं निवडली. पहिल्या फेरीत मी अकरा कुत्र्यांच्या विष्ठेत अंडी दाखवली. लगेच चाळीसही कुत्र्यांना जंताची गोळी दिली. दोन महिन्यांनी दुसरी फेरी झाली. सगळ्यांना वाटलं, आता शून्य.

मी नऊ दाखवली.

विभागप्रमुख तोक्तोसुन आगाय, म्हणजे तोक्तोसुन सर, भडकले. "गोळ्या दिल्यात ना? मग अंडी आली कुठून? हे डबडं काहीही दाखवतंय. शून्य लिही आणि मोकळी हो. परवा राजधानीतली मंडळी तपासणीला येताहेत."

"आगाय, मी तीन-तीनदा बघितलं. नऊच आहेत," बुरुलचा म्हणाली.

"या डबड्यातून?"

कालिपा एजे हातातला चहा खाली न ठेवता म्हणाल्या, "तोक्तोसुन, तुम्ही याच डबड्यावर पास झालात. तेव्हा बरं चाललं तुम्हाला!"

मला हसता येत असतं तर माझी भिंगं गळून पडली असती. पण आगाय गेल्यावर एजे बुरुलचाकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज करडा झाला. "शून्य लिहायचं नाही, हे ठरलं. पण नऊ का, हे शोधून काढ. नाहीतर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

बुरुलचानं गावाचा नकाशा पसरला, नऊ घरांवर खुणा केल्या आणि त्यांवरून पुन्हा एकेक बोट फिरवलं. "एजे... या सगळ्या घरांत मी जेवलेय."

झालं होतं ते असं. गावची लेक अर्धी डॉक्टर होऊन आलेली! पाहुणीसाठी मेंढी कापल्याशिवाय कोण राहील? गोळ्या दिल्यानंतर ती तिथं राहिली, तेव्हा बारा घरांनी तिला जेवू घातलं. ती आत मानाच्या जागी बसून मांस खात होती, आणि बाहेर गाठी आलेलं यकृत नेहमीसारखं कुत्र्यापुढं पडत होतं. गोळीचा जोर एक दिवसाचा. नंतर खाल्लेल्याला ती काय करणार? त्या बारा घरांतलीच नऊ कुत्री. बाकीच्या अठ्ठावीस घरांत एकही नाही.

"माझंच पोट कापलेलं, आणि मी एकदाही उठून अंगणात बघितलं नाही," असं म्हणून ती रडली. एजेंनी तिला रडू दिलं. मग पेन पुढं केलं.

राजधानीच्या मंडळींपुढं बुरुलचा ताठ उभी राहिली. "चूक गोळीची नाही, यंत्राची नाही. माझी आहे," म्हणाली, आणि सगळं सांगितलं. आगायांचा चेहरा लालबुंद झाला. माझी मान मात्र ताठ होती.

मग ती मला मांडीवर घेऊन सारीबेलला गेली. तिची आत्या, सायराश आपा, दारातच कडाडली, "मेंढी कापू नको? नुसता चहा? गाव माझ्या तोंडात शेण घालेल!"

"कापा, आपा. पण आधी यात बघा."

काचेवर आपाच्याच आक्तोश कुत्र्याची, दुसऱ्या फेरीतली अंडी होती, पक्की झाकून आणलेली. आपानं चष्मा काढला, डोळा लावला आणि माझं कुरकुरतं चाक पुढं-मागं फिरवलं. "हे माझ्या आक्तोशच्या पोटातलं? आणि त्याला कुरवाळून मी पोरांना भरवते?" मग तिनं मला उचललं, आत दारासमोरच्या मानाच्या गादीवर ठेवलं. "खरा पाहुणा हा. खात काही नाही आणि तोंडदेखलं बोलत नाही." मेंढी कापली, पण यकृत-फुप्फुस खड्ड्यात पुरलं, वर दगड रचले. तसंच करायचं, असं घरोघर ठरलं. कुत्र्यांना पुन्हा गोळ्या मिळाल्या.

दोन महिन्यांनी तिसरी फेरी. एकोणचाळीस कुत्री स्वच्छ. एकात अंडी. आक्तोश! आपाचा खड्डा उथळ होता, पठ्ठ्यानं उकरला.

आता आगाय गोड झाले होते. "चाळीसात एक म्हणजे शून्यच की गं. तुझ्याच आत्याचं कुत्रं. तिची तरी लाज राख."

बुरुलचानं पुन्हा माझ्या डोळ्याला डोळा लावला. कागदावर 'एक' लिहिलं, पुढं आक्तोशचं नाव लिहिलं, आणि त्यांच्यासमोरच फोन लावला. "आपा, खड्डा कंबरेएवढा खणा." पलीकडून आपाच्या शिव्या खोलीभर ऐकू आल्या, आणि त्यामागून कुदळ मागवल्याचंही.

मित्रांनो, माझी भिंगं मऊ कापडानं पुसा. माझ्या डोक्यावर किटली ठेवू नका. आणि मी नऊ दाखवली तर नऊ लिहा, एक दाखवलं तर एक. ते जमत नसेल, तर खुशाल मोडीत काढा मला. खोटं शून्य दाखवायला मी जन्मलो नाही.