तीन किलोंच्या आत

वासंती गुरवने दर्शनाची सॅक पहिल्यांदा भरली, तेव्हा काट्याने चार किलो दोनशे ग्रॅम दाखवले. मणक्याच्या डॉक्टरांनी दर्शनाला तीन किलोंची मर्यादा घातली होती. त्यावर काही उचलायचं नाही, भरलेली बादलीसुद्धा नाही. म्हणजे बाराशे ग्रॅम कमी करायचे होते आणि हातात अडीच महिने होते.

जानेवारीत दोघींना माळशेजपासून आंबोलीपर्यंत घाटमाथ्याने चालत जायचं होतं. बत्तीस दिवस. बेत अकरा वर्षं जुना. आधी दर्शनाच्या मुलाची दहावी आली, मग वासंतीच्या सासूबाईंचं आजारपण, मग दोघींच्या रजा जुळेनात. यंदा वासंतीने डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्याच महिन्यात, ठाण्यात कोपरीच्या घरी जिना उतरताना, दर्शनाचा मणका सरकला.

"तू जा गो. मी फोटो बघीन," दर्शना फोनवर म्हणाली.

"फोटो गेले खड्ड्यात. तीन किलोंत बसवते मी तुला."

कंपनीच्या प्रयोगशाळेत वासंतीने सव्वीस वर्षं वजनंच केली होती. तिने एकेक वस्तू काट्यावर ठेवली. सगळ्यात जड निघाली ती रिकामी सॅक, सव्वा किलोची. तिच्या जागी फ्रेम नसलेली, चारशे ऐंशी ग्रॅमची आली. स्लीपिंग बॅग बदलून तीनशे वीस ग्रॅम वाचले. अंथरायची मॅट तिने पाठीच्या लांबीएवढी कापली. पाय रिकाम्या सॅकवर ठेवता येतात. तंबू, स्टोव्ह आणि भांडं तिने दर्शनाला सांगून आधीच आपल्याकडे घेतलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काटा दोन किलो नऊशे सत्तरवर थांबला. तिने सॅक उचलून पुन्हा ठेवली. तेच.

रविवारी सकाळी दर्शना डोंबिवलीला आली. वासंतीने सॅक तिच्या खांद्यावर चढवली. दोघी खाली उतरल्या आणि इमारतीभोवती फिरू लागल्या. पहिल्या फेरीत दर्शना जपून पाय टाकत होती. तिसऱ्या फेरीत तिने हात मोकळे सोडले.

"वासू, पाठीवर काय आहे असं वाटतच नाय!"

"मग? उगाच का दीड महिना घातला?"

"नाणेघाटात पहिला मुक्काम करूया. मला सूर्यास्त बघायचाय तिथून."

"करू."

पाचव्या फेरीत दर्शनाने सवयीने हात मागे नेला आणि सॅकचा बाजूचा कप्पा चाचपला. कप्पा रिकामा होता.

"पाणी कुठंय?"

वासंती थांबली.

हलक्या सामानाच्या ज्या याद्या तिने वाचल्या होत्या, त्या सगळ्यांत वजन पाणी आणि खाणं सोडून धरलेलं असतं, कारण ते रोज बदलतं. तिनेही तसंच धरलं होतं. जानेवारी-फेब्रुवारीत घाटमाथ्यावर एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत माणशी तीन लिटर पाणी लागतं. तीन लिटर म्हणजे तीन किलो. प्रयोगशाळेत कुणी रिकामं भांडं तोलून आकडा लिहिला असता, तर तिने त्याला परत पाठवलं असतं.

"तुझं पाणी मी घेईन," ती म्हणाली.

दर्शना हसली. एक हात वर करून, वासंतीच्या आवाजात म्हणाली, "'पाणी ज्याचं त्याच्याकडे! धुक्यात चुकामूक झाली आणि तुमची बाटली मैत्रिणीच्या पाठीवर असली, तर तुमच्याकडे पाणी नाही!' कल्याणच्या एसटी स्टँडवर दर ट्रेकला कोण बोलायची गो हे?"

"ते नवीन पोरांसाठी होतं."

"मग जुन्यांना काय तहान लागत नाय?"

वासंतीला हसू आलं नाही. "गावं जवळजवळ आहेत तेवढं चल. एक-एक लिटर पुरेल, तेवढं सामान मी तुझ्या सॅकमधून काढते. पहिले चार दिवस तरी."

दर्शनाने सॅकचे पट्टे सोडवले. सॅक दोन्ही हातांनी, हळू, कट्ट्यावर ठेवली.

"चार दिवसांचं नको विचारूस. पाचव्या दिवशी तू पुढे जाणार आणि मी एसटीत बसून मागे येणार. ते नाय जमणार मला."

दोघी कट्ट्यावर बसल्या. मग दर्शनानेच विचारलं, "तुझा तंबू किती?"

"दोन किलो शंभर."

"दोघींचा आहे तो. तू एकटी जाणार, मग एवढा कशाला? शनिवारी ठाण्याला ये. मी निवडते."

नौपाड्यातल्या ट्रेकिंगच्या दुकानाचा मालक राजरत्न दोघींना वीस वर्षं ओळखत होता. "ताई, कोणासाठी बघायचा?" त्याने विचारलं.

"हिच्यासाठी. मी एजंट," दर्शना म्हणाली.

त्याने वरच्या मजल्यावर एकेकटीचे दोन तंबू उभे केले. पहिला साडेसातशे ग्रॅमचा, एकाच कापडाचा. दर्शनाने कापड बोटांत चोळून नकार दिला. "श्वासाची वाफ आत साचून सकाळी भिजेल ही." दुसरा नऊशे चाळीसचा, दोन थरांचा. त्याच्याभोवती ती एकदा फिरली. मग भिंतीचा आधार घेत गुडघ्यांवर बसली आणि आत सरकू लागली.

"अगं, पाठ!" वासंती म्हणाली.

"गप गो. झोपून बघितल्याशिवाय तंबू घेतात का?"

ती आत गेली. कापडाला आतून कोपर लागलं, मग डोकं.

"तू माझ्याहून दोन बोटं उंच. पाय पुरतील. सॅक उजवीकडे राहते. बुटांना बाहेर जागा आहे." मग चेन ओढल्याचा आवाज आला. दार बंद झालं.

राजरत्नने वासंतीकडे पाहिलं. "ताई, बांधून ठेवू का हाच?"

वासंतीने मान डोलावली. ती तंबूजवळ, फरशीवर बसली.

"दर्शना?"

"थांब जरा," दर्शना आतून म्हणाली. "आत्ताच मुक्कामाला पोचलेय."