एकाच जागी किती मारणार?

"आई, त्या चकतीला एकाच जागी मार खाऊन वीट येत नाही का?"

हा प्रश्न प्रयोगशाळेत, चेहरा गंभीर ठेवून विचारायचा, अशी पैज मैत्रिणींनी इथल्या दोन शास्त्रज्ञांच्या पोरीला घातली होती. मित्रांनो, ती मार खाणारी चकती म्हणजे मीच.

मी एक जुनी तांब्याची चकती आहे. घासूनपुसून मला इतकी लख्ख केली होती, की कारागीर माझ्यात बघून भांग पाडायचा. मग मला हवा काढून घेतलेल्या पोलादी डब्यात बसवलं. तिथे लेझरचा लाल ठोसा येतो, तो डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी संपतो. पण जोर असा, की माझ्या अंगावरचे इलेक्ट्रॉन मागेपुढे भेलकांडतात आणि नवाच प्रकाश बाहेर टाकतात. दुप्पट कंपनांचा जांभळा. तिप्पट कंपनांचा तर तुम्हाला दिसायचाही नाही. एवढं करून कौतुक कोणाचं? लेझरचं!

माझं मागणं एकच. प्रत्येक ठोशाला खड्डा पडतो, तेव्हा पुढच्या वेळी मला जरा फिरवा, कोरी जागा द्या. त्यासाठी मोटर आहे. त्या दिवशी मला तिच्याशी जोडणारा स्क्रू सैल झाला. ती नुसती घूं घूं करायची आणि मी जागच्या जागी. ठोसे त्याच खड्ड्यात बसले आणि समोरच्या पांढऱ्या कार्डावरचा जांभळा ठिपका गायब. संध्याकाळी यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार होतं आणि मी भंगारात. आणि पोरीचे आईबाबा काय करत होते? भांडत होते. बाबा म्हणत चकती खराब, आई म्हणे लेझरच मरतुकडा. माझ्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. डोकं असतं तर आपटून घेतलं असतं.

तेवढ्यात पोरीचा प्रश्न आला. मैत्रिणी तोंड दाबून हसल्या.

"एकाच जागी कशाला?" आई वैतागली. "दर वेळी फिरते ती. मोटर ऐकू येत नाही का?"

"येते की. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर चकतीला खड्डा एकच कसा दिसतो?"

दोघं पडद्यापाशी वाकली. डबा उघडला, स्क्रू आवळला, हवा पुन्हा उपसली. पहिल्याच ठोशाला पांढऱ्या कार्डावर जांभळा ठिपका उमटला. बाबा लगेच म्हणाले, लेझर ठणठणीत आहे हे मी सांगतच होतो. ऐका!

मित्रांनो, एखाद्या वस्तूला नावं ठेवण्याआधी तिच्याकडे एकदा नीट बघा, एवढंच म्हणणं आहे.

पोरीने मात्र कंबरेवर हात ठेवले.

"आई, बाबा, सुट्टीत मी शिबिराला जाणार नाही. रोज इथे येणार. तुम्ही खुशाल भांडा, चकतीकडे मी बघते."