होयचे बहुमत

मोतीलालने कायदा होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, एवढाच त्याचा गुन्हा.

आंबागडच्या पायथ्याच्या तलावात पिढ्यान्‌पिढ्या ढिवरांची जाळी पडत आली. आता लिलाव घेऊन बाहेरचा ठेकेदार मालक झाला होता. गावचा तलाव गावच्याच मासेमारांना मिळावा, असं विधेयक आमदार खुशालभाऊ नागपूरच्या अधिवेशनात मांडणार होते. कौतुकानं पाहायला कोणीतरी हवं, म्हणून गावच्या मोतीलाल ढिवराला नेऊन गॅलरीत बसवलं.

खाली निम्मी बाकं रिकामी, भरलेल्यांतले दोघे पेंगत होते. अध्यक्ष म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." पाच-सहा जणांनी होय म्हटलं. "होयचे बहुमत आहे!" बाकं वाजली. मोतीलालचे डोळे भरून आले.

"झाला बाप्पा कायदा!" म्हणत तो घरी आला आणि सकाळीच तलावात उतरला. ठेकेदाराच्या माणसांनी मासोळ्यांसकट जाळं उचलून नेलं. त्याच्या बायकोनं, सखाबाईनं, पावसाळाभर बसून विणलेलं जाळं होतं ते.

मोतीलाल तक्रार घेऊन गेला, तर खुशालभाऊ पोट धरून हसले. "अरे, ती नुसती विधेयक मांडायची परवानगी! पुढं वाचन, चर्चा, वरचं सभागृह, मग राज्यपालांची सही."

पुढच्या अधिवेशनात मंत्री म्हणाले, शासन सकारात्मक आहे, सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. खुशालभाऊंनी आभार मानून ते मागे घेतलं. विधेयक मांडल्याच्या अभिनंदनाचे फलक चौकात होतेच. मागे घेतल्याचा कोणी लावला नाही.

निवडणूक आली तसे खुशालभाऊ फोटोवाल्यासह मोतीलालच्या अंगणात हजर झाले.

"भाऊ, माहं जाळं?" मोतीलालनं विचारलं.

"पाठपुरावा सुरू आहे. वहिनी, आज तुमच्या हातचा मासोळीचा रस्सा खाऊनच जाणार!"

चुलीवर रस्सा उकळतच होता. मासोळी ठेकेदाराकडूनच विकत आणलेली. सखाबाईनं ताट मांडलं आणि ती जमलेल्या गावकऱ्यांकडे वळली.

"भाऊले रस्सा वाढाचा काय? पसंत असन त्यानं हव म्हना."

"हव!" अंगण दणाणलं.

खुशालभाऊ हात धुऊन मांडी घालून बसले. ताट रिकामंच. वास मात्र नाकात शिरत होता.

"वहिनी, वाढा ना."

"आता तं निस्ती परवानगी भेटली, भाऊ. वाचन बाकी हाये."

"वाचन? अहो, भूक लागली आहे!"

"मंग रस्सा मांगं घेतो." सखाबाईनं चुलीवरचा रश्श्याचा गंज उचलला. "पन काळजी नोका करू. आमी सकारात्मक हाओ."

ती आत निघून गेली. मोतीलालनं मान खाली घालून हसू दाबलं. मग दाबलं नाही.