खंडेनवमीचं लिंबू

शितलला घड्याळ बघायची कधी गरजच पडली नव्हती. दुपारच्या जेवणाची सुट्टी होऊन जरा वेळ गेला की डॉकवरून हनुमंतमामा आपल्या फोर्कलिफ्टचा हॉर्न दोनदा वाजवायचे. पँ, पँ. याचा अर्थ गोदामातल्या साऱ्या बायकांना ठाऊक होता. शितलची सासू नातवाला कडेवर घेऊन गेटवर आलीय. शेजारची गिताबाई तिचे खोके आपल्याकडे ओढून घ्यायची आणि म्हणायची, "जा, तुझा साहेब आलाय." शितल पळत गेटवर जायची, वॉचमनच्या केबिनमागे कट्ट्यावर बसून स्वराजला पाजायची आणि तोंड पुसत परत यायची. तान्ह्या बाळाला कुठली शिफ्ट कळते? कंपनीची सुट्टी असायची तेव्हा ते झोपलेलं असे आणि सुट्टी संपली की जागं होई. पण हॉर्न होता, गिताबाई होती, म्हणून निभत होतं.

गणपतीनंतर रोबो आले आणि सगळंच विसकटलं.

शिक्रापूरच्या त्या गोदामात आता चपटे, पाटासारखे रोबो आख्खी मांडणी डोक्यावर घेऊन फिरायचे आणि माणसापुढे आणून उभी करायचे. मधल्या मोठ्या रस्त्यावरून बिनड्रायव्हरची फोर्कलिफ्ट जायची, कुणी आडवं आलं तर अदबीनं थांबून इंग्रजीत विनंती करायची. हनुमंतमामांची जुनी फोर्कलिफ्ट डॉकच्या कोपऱ्यात उभी राहिली. मामांना कंपनीनं काढलं नाही, एवढं मात्र खरं. त्यांच्या हातात एक मऊ फडकं दिलं. नव्या मशीनच्या कॅमेऱ्यावरची धूळ पुसत तिच्या मागं फिरायचं. "घोड्यावर बसणाऱ्याला मोतद्दार केला," मामा म्हणायचे आणि फडकं झटकायचे.

शितलला जाळीच्या आत एक स्टेशन मिळालं. गिताबाईचं स्टेशन पार पलीकडे. आता कुणी कुणाचे खोके ओढून घेऊ शकत नव्हतं. मांडणी यायची, पडद्यावर वस्तू दिसायची, ती उचलून खोक्यात टाकायची, की पुढची मांडणी हजर. मधेच उठायचं तर पडद्यावर कारण निवडावं लागे. शौचालय. पाणी. मशीन बिघाड. तब्येत. बाळाचं नाव त्यात कुठं नव्हतं. ती 'शौचालय' निवडून गेटकडे धावली, तर परत येईपर्यंत तिचं स्टेशन लाल झालेलं आणि सुपरवायझर विश्वजीत सर तिथं उभे.

विश्वजीत सर वाईट नव्हते. पुण्याहून यायचे, शितलपेक्षा एखाद-दोन वर्षांनीच मोठे असतील. "शितलताई, फीडिंग ब्रेक तुमचा हक्क आहे, मी नाही म्हणतच नाही," ते म्हणाले. "पण तो ऑप्शन सिस्टीममध्ये यायला हवा. मी मेल टाकलाय."

"मग तवर मी काय करू, सर?"

"तोवर जरा ॲडजस्ट करा."

स्वराज ॲडजस्ट करत नव्हता. बाटली तोंडाला लावली की मान फिरवायचा, वाटी-चमच्यानं पाजलं तर सगळं गळ्याखाली ओघळायचं. आणि शितलच्या अंगाला तर मेल-बिल काही ठाऊक नव्हतं. वेळ झाली की छाती भरून यायची, दगड व्हायची, आत घडी करून ठेवलेला रुमाल भिजायचा. तेवढ्यात समोरचा एखादा रोबो बॅटरी उतरली म्हणून काम टाकून सरळ भिंतीकडे निघून जायचा आणि चार्जिंगला लागायचा. त्याला कुणी कारण विचारत नसे.

"त्याची आई बघ, भिंतीतच बसलीय," जेवताना गिताबाई म्हणाली, आणि हसता हसता शितलच्या डोळ्यांत पाणी आलं.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी शितलच्या सासूनं, रतनबाईंनी, कपड्यांची पिशवी भरून दारात ठेवली. शितल सासूला आत्याच म्हणायची. नातवासाठी त्या कवठे येमाईचं घर सोडून शिक्रापूरच्या एका खोलीत येऊन राहिल्या होत्या.

"आज मी त्याला घिऊन गेटवर येती," आत्या म्हणाल्या. "तू आलीस तर बरं. न्हाई आलीस तर तिथूनच गाडी धरून गावाला जाती. घरी म्हैस हाय. दोन दिस रडल, मग पिईल."

"आत्या, अजून आठच महिन्यांचा हाय वो."

"म्हनूनच म्हनते. लेकरू वाळाया लागलंय, दिसतंय ना तुला? गेटवर बसून त्याचं रडणं माझ्यानं ऐकवत न्हाई."

नवरा रविराज रांजणगावच्या कंपनीत, पहाटेच निघून गेलेला. शितलनं स्वराजच्या पावलांची पापी घेतली आणि बस पकडली.

गोदामात मात्र सणाचा थाट होता. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची, ही पहिल्यापासूनची रीत. गेटमध्येच विश्वजीत सरांची नवी पांढरी गाडी उभी होती. बॉनेटवर झेंडूचा हार आणि चारी चाकांखाली चिरडलेली लिंबं. आत मामांनी कोपऱ्यातली जुनी फोर्कलिफ्ट धुऊन, पुसून, हार घालून नवरीसारखी सजवली होती. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे जमले. मामांनी नारळ फोडला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, वर चढून बसले आणि गाडी एवढीशी पुढं घेतली. लिंबू चरकन फुटलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता नवरदेवाची करा," गिताबाई म्हणाली.

नव्या मशीनला सरांनी कॅमेऱ्याला धक्का न लावता हळदीकुंकवाची दोन बोटं लावू दिली. हार मात्र मागच्या बाजूला बांधायला लावला. ते फोटो काढत असतानाच मामांनी सवयीनं पुढं लिंबू ठेवलं. फोटो झाले, सगळे आपापल्या स्टेशनवर गेले, पडदे सुरू झाले. बिनड्रायव्हरची फोर्कलिफ्ट निघाली आणि वीतभर अंतरावर थांबली.

"ऑब्स्टॅकल. प्लीज क्लिअर द पाथ."

"आरं जा की वरनं!" मामा म्हणाले. "तुझ्यासाठीच ठिवलंय."

"ऑब्स्टॅकल. प्लीज क्लिअर द पाथ."

मोठा रस्ता अडला तसे मागचे रोबो थांबले, मग आजूबाजूचे. डोक्यावर मांडण्या घेऊन सगळे जागच्या जागी उभे. गोदामात कधी नव्हे ती शांतता झाली.

"मामा, उचला ते," सर म्हणाले.

"मी? पूजेचं लिंबू न चिरडता उचलायचं? सर, गेल्या साली माझ्या भावानं..."

"बरं, बरं. कोणीतरी उचला."

कुणी हललं नाही. लोडिंगची बिहारी पोरं तर दोन पावलं मागं सरली. "ना सर, नींबू को हाथ नहीं लगाएँगे."

"मी उचलतो," म्हणत सर स्वतःच पुढं गेले. वाकले. हात लिंबाजवळ नेला. आणि शितलनं आपल्या जाळीतून स्पष्ट पाहिलं, तो हात तसाच थांबला. बाहेर गाडीच्या चाकांखाली त्यांनी सकाळीच आपल्या हातानं चार लिंबं ठेवली होती. सर ताठ झाले आणि खिशातला फोन काढून पुण्याच्या इंजिनियरशी बोलू लागले. "हो, लहानच आहे... नाही, दगड नाही... काय आहे ते सोडा हो, तिथून बायपास होईल का?"

त्याच वेळी डॉकवरून आवाज आला. पँ, पँ.

मामा जुन्या गाडीवर चढून बसले होते. तिथून गेट दिसायचं. कितीतरी दिवसांनी तो हॉर्न ऐकून शितलचा रुमाल एका क्षणात भिजला.

"सर, मी जाऊन येऊ का? बाळ आलंय गेटवर."

सरांनी फोनवर हात ठेवला. "आत्ता नको. कुठल्याही क्षणी चालू होईल. सगळ्यांनी स्टेशनवर थांबा."

ती थांबली. पुढं मांडणी नाही, वस्तू नाही, काम नाही, तरी पडद्याच्या कोपऱ्यात तिचा वेळ मोजला जात होता. तिला वाटलं, हा पडदाच उचलून आपटावा. एवढी मोठी यंत्रं एका लिंबासाठी उभी राहतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. आणि तिकडं उन्हात आत्या गाडीची वाट बघतायत, पायाशी पिशवी, कडेवर रडून रडून लाल झालेलं तिचं पोर. पँ, पँ. मामांनी पुन्हा वाजवला.

फोन संपला. सरांचा चेहरा पडला होता. तिथून काही होत नव्हतं. वाट माणसानंच मोकळी करायला हवी होती. त्यांची नजर सगळीकडे फिरून शितलवर आली. तिचं स्टेशन सगळ्यात जवळ होतं.

"शितलताई, तुम्ही उचला ना ते. प्लीज. मग तुमच्या ब्रेकचं मी आजच वर बोलतो."

"सर!" गिताबाई पलीकडून ओरडली. "लेकुरवाळीला सांगता व्हय?"

शितलनं लिंबाकडे पाहिलं. हिरवं, कोवळं, कुंकवात बुडवलेलं. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास होता की नव्हता, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण घरात पोर असताना परीक्षा कोण बघेल? आणि याच पोरासाठी ती इतके दिवस विनवण्या करत होती.

"उचलते की, सर," ती म्हणाली. "पण आधी पाजून येते."

"अहो, दोन सेकंदांचं काम आहे!"

"व्हय. मग तुम्हीच करा."

तिनं पडद्यावर कुठलंच कारण निवडलं नाही. जाळीचं दार ढकललं, उभ्या रोबोंच्या मधून वाट काढली आणि डॉकच्या पायऱ्या उतरून पळत सुटली.

गेटबाहेर आत्यांनी हात करून गाडी थांबवली होती, एक पाय पायरीवर. शितलला बघताच त्यांनी तो खाली घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "जा बाबा तू."

केबिनमागच्या कट्ट्यावर बसून शितलनं ओढणी पुढं घेतली. स्वराज आधी रागानं डोकं आपटत राहिला, मग हुंदक्यासकट लागला. घुटूक, घुटूक. त्याची मूठ तिच्या कंपनीच्या जाकिटावर हळूहळू सैल झाली. शितल त्याच्या कपाळावरचा घाम पुसत राहिली आणि पुसता पुसता लिंबाचं सगळं सांगून टाकलं.

"तू उचलनार?" आत्या तिच्याकडं बघतच राहिल्या. "डोकं फिरलंय काय? अंगावरचं लेकरू हाय तुला." मग पदर खोचत म्हणाल्या, "मी उचलते. म्हातारीला काय व्हायचंय आता?"

तेवढ्यात केबिनच्या कडेला बूट वाजले. विश्वजीत सर येऊन पाठ फिरवून उभे राहिले.

"झालं का, ताई? आत सगळं बंद आहे. वरून फोनावर फोन."

"सायेब, चला, मी येती," आत्या म्हणाल्या. "कुठाय लिंबू?"

"आजी, बाहेरच्या माणसाला आत सोडता येत नाही. सेफ्टीचा नियम आहे."

"मग ऱ्हाऊ द्या तुमच्या यंत्राला उभं," म्हणत आत्या कट्ट्यावर टेकल्या. पिशवी त्यांनी कट्ट्याखाली सरकवली. उद्या दसरा, सुट्टी. परवाचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. पण पिशवी सोडलीही नाही, तिचा बंद बोटाभोवती गुंडाळून बसल्या.

आतून अस्पष्ट आवाज येत होता. ऑब्स्टॅकल. प्लीज क्लिअर द पाथ. सरांनी पाठमोऱ्यानंच पुन्हा विचारलं, "झालं का?"

स्वराजनं तोंड सोडलं होतं, ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ. शितलनं त्याला खांद्यावर घेतलं, ढेकर येईस्तो पाठीवर हात फिरवला आणि मग दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"अजून एक बाजू राहिलीय, सर," ती म्हणाली.