चढावर निळे दिवे

"ही गाडी आहे की सर्कस?" दादांनी विचारलं आणि चहाचा कप टेबलावर जरा जोरातच ठेवला.

स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलावर, एका उपड्या डब्यावर, हातभर लांबीचा रिमोटचा ट्रक चाकं अधांतरी ठेवून उभा होता. टपावर पांढरे दिवे, दारांच्या कडेने लाल-हिरव्या पट्ट्या, आणि पोटाखालून निळाशार उजेड. धाकट्याने रिमोटचं बटण दाबलं तसा भोंगा केकाटला. दादांच्या बायकोच्या हातातली पळी खाली पडली.

"कसा वाटतोय?" धाकट्याने विचारलं. हा दादांचा सख्खा भाऊ. पन्नाशी उलटली तरी घरात सगळ्यांचा धाकटाच. समारंभांना रोषणाई करायचा त्याचा धंदा. कुणाचं लग्न असो की दुकानाचं उद्घाटन, हा माणूस झाडापासून पायरीपर्यंत दिसेल त्याला दिवे गुंडाळायचा. आनंद झाला की दिवे लावायचे, याच्यापुढे त्याची अक्कल कधी गेलीच नाही.

"शी!" दादा म्हणाले. "ओकारी येते बघून."

"अहो!" बायको म्हणाली. "रात्रभर बसलाय तो त्याच्यावर."

"म्हणूनच येते."

दादांची हयात ट्रकवर गेली. खरा ट्रक, भरलेला, घाटातला. त्यांच्या गाडीला कधी झुंबर लागलं नाही, रिबीन लागली नाही. पुढे दिवे, मागे दिवे, ब्रेक चांगले, बास. बाकीच्यांच्या नटलेल्या गाड्या दिसल्या की ते खिडकीतून थुंकायचे. मग उजव्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांनी नको म्हटलं, मालकाने किल्ली काढून घेतली आणि दादा घरी बसले. तेव्हा हा खेळण्यातला ट्रक धाकट्यानेच आणून दिला होता. "खेळणं आणलंय मला, म्हाताऱ्याला!" म्हणून दादांनी आठवडाभर त्याच्याकडे बघितलं नाही. नंतर एक दिवस त्यांनी त्याला आपल्या जुन्या गाडीसारखा मळका हिरवा रंग दिला, हौद्यात वाळूच्या पुरचुंड्या भरल्या, वर ताडपत्रीचा तुकडा बांधला, आणि दर रविवारी मैदानावर जायला लागले. असल्या गाड्यांचे शौकीन तिथे जमत. मातीचा एक उभा चढ त्या सगळ्यांनी मिळून रचला होता. भरलेली गाडी न थांबता माथ्यावर नेणं दादांना अजून जमलं नव्हतं.

आणि आता रिमोटची दांडी रेटणारा अंगठाही ऐकेनासा झाला होता. सकाळची गोळी घेतली की थोडा वेळ हात गप्प बसे, तेवढाच. तो वेळही दिवसेंदिवस आटत चालला होता. "एकदा वर नेतो, मग ठेवून देतो माळ्यावर," असं ते फक्त बायकोला म्हणाले होते. बायकोच्या पोटात काही राहत नाही. तिने ते धाकट्याला सांगितलं, आणि धाकट्याला वाटलं, दादाची शेवटची फेरी म्हणजे थाटातच व्हायला हवी.

"एवढ्या सगळ्याला करंट कुठून घेतलास?" दादांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"रिसीव्हरला जागा रिकाम्या होत्या की! दिल्या पिना खुपसून."

"तो रिमोटचं ऐकतो, त्याला बिचाऱ्याला लागतो तेवढाच करंट मिळतो. स्टिअरिंगपण त्याच्यावरच. बॅटरीवरून वेगळी लाइन काढायची."

"त्यासाठी वेगळा रेग्युलेटर आणलाय ना, हा बघ, पाकिटात आहे. पुढच्या वेळी लावतो. आत्ता निळी पट्टी चिकटवण्यात वेळ गेला सगळा. सगळं चालतंय ना? मग झालं तर!"

चालत होतंच. चाकं हवेत असताना सगळंच चालतं.

खऱ्या गाडीवर दादा निघायच्या आधी भोवती फेरी मारायचे. टायर, दोऱ्या, वायरी, सगळं हाताने चाचपून मगच पाय आत. क्लीनरवर विश्वास टाकला नाही कधी. पण आज टप उचलून आत बघायचं म्हणजे त्या सगळ्या झगमगाटात तोंड घालायचं. त्यांना नुसत्या कल्पनेने शिसारी आली. "चल," ते म्हणाले. "गोळीचा असर जायच्या आत पोचू."

मैदानावर ट्रक उतरवला आणि लोक गोळा झाले. "काका, काय नटवलीय गाडी!" "लय भारी!" सगळ्यांनी मोबाइल काढले. इतके रविवार तीच गाडी मळक्या रंगात चढाला झगडत होती, तेव्हा एकानेही मान वर करून बघितलं नव्हतं. दादांना त्या सगळ्यांचीच किळस आली. आपण इथे कशाला येतो, असंही वाटून गेलं.

पण हात गप्प होता. शिट्टी गळ्यात अडकवलेल्या माणसाने चढ मोकळा केला आणि दादांनी अंगठा पुढे रेटला.

गाडी निघाली. पहिल्या वळणाला त्यांनी वेग मुद्दाम कमी केला, पुढचं चाक दगडाच्या कडेने घेतलं, मागचं आपोआप आलं. वाळूचं ओझं हौद्यात जरासुद्धा हललं नाही. दादांचे खांदे खाली आले. दिवे, लोक, भोंगा, सगळं ते विसरले. कित्येक महिन्यांत त्यांना असं बरं वाटलं नव्हतं. माथा दिसत होता. शेवटचं वळण तेवढं राहिलं होतं, सगळ्यात उभं.

"शाब्बास दादा!" धाकटा ओरडला. आनंद त्याच्या अंगात मावेना. त्याने बाजूने हात घातला आणि दादांच्या हातातल्या रिमोटवरचं भोंग्याचं बटण दाबून धरलं.

स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, दिवे पेटलेले, त्यात भोंगा. करंट पुरेना, रिसीव्हरने मान टाकली. दिवे विझले, पेटले, पुन्हा विझले. गाडी थांबली, मग उलटी घसरत आली आणि मोठ्या दगडाला अडकून तिरकी उभी राहिली. लोक "अरे अरे" म्हणाले, एकदोघे हसले.

"दादा..." धाकट्याने बटणावरचा हात झटकन मागे घेतला.

"मेल्या!" एवढंच दादांच्या तोंडून आलं. त्याला बडवावं असं वाटत होतं. आणि त्याच्याहून जास्त स्वतःला. टप उचलून बघितलं असतं तर एका नजरेत कळलं असतं.

ते चढावर गेले. वाकले. दोन खडे उचलून त्यांनी गाडीच्या मागच्या चाकांना टेकू दिला.

"काका, उचला ना गाडी, बाजूला घ्या," शिट्टीवाला म्हणाला. "मागे बाकीचे थांबलेत."

"भरलेली गाडी उचलत नसतात."

"खेळणं आहे हो काका!"

दादांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली. मग त्यांनी टप काढला, खुपसलेल्या सगळ्या पिना एकेक करून उपटल्या आणि निळी पट्टी ओरबाडून फेकली. गाडी पुन्हा मळकी हिरवी दिसायला लागली. रिमोट हातात घेतला. चाकं हलली. जीव होता तिच्यात.

पण अंगठ्यात नव्हता. रागाने म्हणा, की वेळ संपली म्हणून म्हणा, तो थडथडायला लागला. पुढचं चाक डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दादांनी डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं, तरी तेच. आपलाच हात, आणि त्याच्याकडे बघवेना. दिव्यांची आली त्याच्या दसपट शिसारी त्यांना त्या अंगठ्याची आली.

"दादा, माझं चुकलं," धाकटा खालून वर आला होता. डोळे पुसत होता. "लहानपणापासून मी तुझं सगळं असंच..."

"रडतोस काय बाईलबुद्ध्या! धर." दादांनी रिमोट त्याच्या हातात दिला.

"मी? मला नाही जमायचं, दादा. तुलाच न्यायची होती ना..."

"धर म्हणतो ना. मी मागे आहे."

त्यांनी चाकांमागचे खडे काढले आणि गाडीच्या मागे उकिडवे बसले. "हळू. सोड आता. येऊ दे... येऊ दे... डावी मार थोडी. अरे, डावी! हां. आता सरळ, येऊ दे." गाडी वीतभर सरकली की तेही वीतभर सरकत होते, गुडघे मातीत घासत. खरे क्लीनर घाटात ओरडतात तसेच ते ओरडत होते. मैदानावर आता कुणी हसत नव्हतं.

गाडी माथ्यावर पोचली. थांबत, अडखळत, पण पोचली. धाकट्याने लगेच रिमोट पुढे केला.

दादांनी तो घेतला नाही. थरथरत्या हाताने त्यांनी हौद्याच्या मागच्या फाळक्यावर, गाडी नीट पोचली की क्लीनर मारतात तशी, दोनदा थाप मारली, आणि चाकांत अडकलेली माती बोटाने काढत तिथेच बसून राहिले.