बांगड्यांची हाक

निपाणीत डॉक्टर पायगोंडा पाटलांचं घर आणि दवाखाना एकाच छपराखाली होते, मध्ये फक्त एक पडदा. जैनाचं घर, म्हणून जेवण दिवस मावळायच्या आत. पानं वाढली की त्यांची बायको धोंडूबाई पडद्याआड उभी राहून काचेच्या बांगड्या वाजवायची. चारचौघांत नवऱ्याला हाक मारायची नाही, नाव तर मुळीच घ्यायचं नाही, ही रीत. बांगड्या वाजल्या की डॉक्टर उठायचे.

यंदा मालुबाई आली आणि सगळं बिनसलं.

मालुबाई तंबाखूच्या वखारीत कामाला. बोदांच्या, म्हणजे तंबाखूच्या गठ्ठ्यांच्या थप्पीवरून पडली, डोक्याला मार लागला आणि तिला जाड आवाज ऐकू येईनासे झाले. पोराचं रडणं ऐकू यायचं, नवऱ्याचं खेकसणं नाही. पुरुषांचं बोलणं ती ओठांकडे बघून ओळखायची. ह्यात बाईचं नुकसान काय झालं, हे धोंडूबाईला कळत नव्हतं. डॉक्टरांना मात्र घबाड सापडलं. महायुद्धामुळे उशिरा आलेल्या एका विलायती मासिकात त्यांनी वाचलं होतं, की मांजराच्या मेंदूत आवाज बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांसारखे ओळीनं बसलेले असतात. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. मालुबाईच्या ओळीतल्या कुठल्या जागा गेल्या, ते त्यांना कागदावर मांडायचं होतं. म्हणून वखार सुटली की ती यायची आणि डॉक्टर तिच्या कानाशी लहानमोठे पोलादी नादकाटे वाजवत बसायचे.

पडद्याआड धोंडूबाई बांगड्या वाजवायची. पलीकडून डॉक्टरांचं "आता?" आणि मालुबाईचं "व्हय" ऐकू यायचं. उठायचं नाव नाही. दिवस मावळायचा, पानं झाकली जायची. नवऱ्याआधी ती जेवत नसे, त्यामुळे दोघंही उपाशी. कामात ध्यान लागलं होतं, असं डॉक्टर म्हणायचे. धोंडूबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तुला काय ऐकू येतं, असं ह्या माणसानं तिला कधी विचारलं नव्हतं.

एकदा तिनंच हट्ट धरला, माझेही कान तपासा. डॉक्टरांनी दोन-तीन काटे वाजवले, तुझे कान उत्तम आहेत म्हणाले आणि काटे पेटीत ठेवून दिले. धोंडूबाईला आपल्या धडधाकट कानांचा राग आला.

शेवटी एका संध्याकाळी बांगड्या वाजवता वाजवता एक पिचली. तिनं पडदा ओढला आणि सरळ दवाखान्यात शिरली.

"उठताय का न्हाय? का हिच्यापायी रोज उपाशीच निजायचं?"

गोंधळून डॉक्टरांनी हातातला काटा मालुबाईकडे दिला. बोलली ती मालुबाई.

"आक्का, त्यास्नी तुमच्या बांगड्या ऐकूच येत न्हाईत. मला येतात, पर मोठ्यांच्या घरात मी कसं बोलू? बारीक काटा वाजीवला की वाजतोय का म्हणून तेच मला इचारतात."

डॉक्टरांनी मान खाली घातली. गेल्या साली ते खानापूरकडे हिवतापाच्या साथीवर गेले होते, स्वतःच आजारी पडले आणि भरमसाट क्विनाईन घेऊन उठले. तेव्हापासून बारीक आवाज गेले. आधी ते ऊन उतरलेलं बघून जेवायला उठायचे, पण मालुबाईच्या तपासणीत तेही सुचायचं नाही. बहिऱ्या डॉक्टरकडे कोण येणार, म्हणून ते कुणाला बोलले नव्हते. त्यांनी धोंडूबाईपुढे कागद सरकवला. हिचं डोक्यात बिघडलंय, माझं कानात, म्हणाले. हिचं ओळीच्या ह्या टोकाचं गेलं, माझं त्या टोकाचं.

धोंडूबाईला नवऱ्याची कीव यायला हवी होती. ती आलीही, पण मागाहून. आधी आला तो मत्सर. घरातली गोष्ट, आणि ती ह्या बाईला आपल्याआधी ठाऊक!

ती पडद्याआड गेली. परड्यातल्या भिंतीवर अजून ऊन होतं. सवयीनं हात वर गेला, मग तिनं तो खाली घेतला. आयुष्यात कधी लावला नव्हता असा खालचा, जाड आवाज लावून ती म्हणाली,

"पायगोंडा."

खुर्ची सरकली. डॉक्टर उठले होते.

मालुबाई हातातल्या काट्याकडेच बघत होती. खुर्ची रिकामी दिसली तेव्हा तिनं मान वर केली.

"का उठलासा, डाक्टर?" तिनं विचारलं.

धोंडूबाईनं पडद्याच्या फटीतून ते पाहिलं. मग दोन पानं वाढली, आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.