बांची शपथ आणि आईचा कुसकुस

आमचे बा म्हणजे एक नंबरचे हट्टी. आयुष्यभर कासाब्लांकात लाल टॅक्सी चालवली. शहरात ट्राम आली आणि गिऱ्हाईक पळालं, तेव्हा चहाच्या हॉटेलात दोस्तांपुढे हात वर करून बोलून बसले, "वल्लाह, मेलो तरी त्या डब्यात बसणार नाही!" आणि मी, त्यांची एकुलती एक लेक सनाए, झाले काय, तर ट्रामची ड्रायव्हर! पुढे कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

मग साखरेच्या दुखण्यात त्यांचा डावा पाय गेला. चाकाची खुर्ची आली. हॉस्पिटलात नकली पाय बसवून देणार होते, पण मापाला जायचं तर टॅक्सी थांबेल तेव्हा ना! खुर्ची दिसली की टॅक्सीवाले मान वळवून सुसाट. त्यांचेच भाईबंद, मेले! दोनदा वेळ चुकली. या मंगळवारी आला नाहीत तर तुमचा नंबर दुसऱ्याला देऊ, असं नर्सनं बजावलं.

"ट्राम आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबते, बा," मी म्हटलं. "पायरीच नाही तिला. फलाटावरून खुर्ची सरळ आत."

"असू दे. माझी शपथ आहे."

"शपथ मोठी की पाय?"

"देवाचं नाव घेतलंय मी, तुझ्या साहेबाचं नाही."

माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकघरात जाऊन मी भांडी आपटायला लागले. आई वाटाणे सोलत होती. म्हणाली, "भांड्यांचा काय दोष? शपथ मोडली तर कफारा द्यायचा. दहा गरिबांना जेवू घालायचं, की सुटलो."

शुक्रवारी तिनं सकाळपासून गव्हाच्या रव्याचा कुसकुस शिजवला. भोपळा, गाजर, कोबी, वर मटण. भली मोठी परात मशिदीच्या दाराशी गेली आणि रिकामी परत आली. घरचा वाटा बांपुढे आला.

"आज काय विशेष?" बा बोटं चाटत म्हणाले. "भोपळा काय झकास उतरलाय!"

"तुमच्या शपथेचा कफारा," आई म्हणाली. "दहा जण जेवून गेले. मटण तुमच्याच पाकिटातून आणलंय. आता मंगळवारी शपथ मोडा, म्हणजे झालं."

बांचा घास हातातच राहिला. "अगं बये, गुन्ह्याच्या आधीच दंड भरून आलीस?"

"इमामांना विचारून आलेय. आधी दिला तरी चालतो. आणि तुमचा काय भरवसा?"

मला हसू आवरेना. बा तोंड फुगवून बसले, पण भोपळा संपवला.

मंगळवारी मी सकाळची पाळी मागून घेतली. फलाटावर आई खुर्ची धरून उभी होती आणि बांनी ठेवणीतला जेलाबा घातला होता. दारं उघडली. आईनं ढकललं. बा डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसलेले.

"हं, उचला आता!" ते ओरडले.

"अहो काका, आत आलात की केव्हाच," एक बाई म्हणाली.

बांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. खाली वाकून दारापाशी पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग माझ्या केबिनच्या दाराला टेकून खुर्ची लावायला सांगितली. मी गाडी सोडली. काही झालं तरी इतकी वर्षं मी याच प्रवाशाची वाट पाहत होते.

बाजाराच्या चौकात एक लाल टॅक्सी ऐन रुळांवर उभी. ड्रायव्हर आरामात गिऱ्हाइकाशी भाव करतोय. मी ब्रेक मारला. मागे केबिनच्या दारावर धपाधप थापा पडायला लागल्या.

"घंटा वाजव, सनाए! वाजव जोरात!" बांचा आवाज अख्ख्या ट्रामभर घुमला. "ए गाढवा, लायसन कुणी दिलं तुला? बाजूला हो! माझी पोरगी येतेय, दिसत नाही?"

डोळे पुसायला मला वेळ नव्हता. मी घंटा वाजवली, आणि ती टॅक्सी हलेपर्यंत वाजवतच राहिले.